फेरेंज आणि हबशी

श्रोतेहो, इथिओपियातल्या एखाद्या लहान गावात बस थांबली आणि तिच्यातून गोरा माणूस उतरला, की रस्त्यावरची पोरं त्याच्यामागे धावतात आणि ओरडतात, 'फेरेंज! फेरेंज!' शब्द ओळखीचा वाटतो ना? आपला 'फिरंगी' तो हाच. युरोपातल्या फ्रँक लोकांचं नाव अरबांच्या तोंडी बसलं आणि व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर एकीकडे आपल्या किनाऱ्यावर आलं, दुसरीकडे आफ्रिकेत गेलं. आपण त्याचा फिरंगी केला, त्यांनी फेरेंज.

आता दुसरा शब्द घ्या. हबशी. इथिओपियाच्या डोंगराळ मुलखातले लोक स्वतःला 'हबेशा' म्हणवून घेतात, आणि मान ताठ ठेवून म्हणवून घेतात. आपल्याकडे त्याच शब्दाचं काय झालं ते सांगायला नको. वर्गात जो पोरगा सगळ्यांत काळा, त्याच्या वाट्याला तो शब्द यायचा. मी रायगड जिल्ह्यातला. आमच्याकडे मुरूडच्या समुद्रात जंजिरा उभा आहे आणि तो ज्या सिद्दींनी साडेतीनशे वर्षं कुणाला घेऊ दिला नाही ते मूळचे त्याच बाजूचे. निजामशाही ज्यानं शेवटपर्यंत तोलून धरली तो मलिक अंबरही तिथलाच; लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि 1626 साली वारला तेव्हा दख्खनच्या राजकारणातला पहिल्या प्रतीचा मुत्सद्दी असलेला. इतकं जुनं नातं असून आज इथिओपिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोट खपाटीला गेलेल्या मुलाचं चित्र येतं. ते चित्र 1984 सालचं आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे.

आमच्या घरी हा देश आणखी एका वाटेनं आला. नानी रात्री गोष्टी सांगायची, त्यांत हजरत बिलाल असायचे, हबशी वंशाचे, इस्लाममधली पहिली अजान देणारे. आणि नजाशी राजाही असायचा. मक्केत छळ सोसवेना तेव्हा पैगंबरांनी आपल्या काही अनुयायांना समुद्रापलीकडे हबश देशात पाठवलं. इसवी सन 615च्या सुमाराची ही गोष्ट. तिथला राजा ख्रिस्ती होता. मक्केवाल्यांनी माणसं पाठवून या निर्वासितांना परत मागितलं, तेव्हा त्यानं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि पाहुण्यांना परत द्यायचं नाकारलं. नानीला आफ्रिका नकाशात दाखवता आली नसती, पण 'हबशचा राजा' म्हणताना ती डोक्यावरचा पदर सारखा करायची.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की आज ज्या माणसांबद्दल बोलायचं आहे ती तिथे मदत करायला गेली होती आणि तिथले लोक मात्र त्यांच्याकडे पाहुणे म्हणून बघत होते. अमहारिक भाषेत पाहुण्याला 'इंगिदा' म्हणतात आणि परक्या माणसालाही इंगिदाच म्हणतात. मदतीला गेलेल्यांनी किती विहिरी खणल्या, किती शाळा बांधल्या, याचे अहवाल ढिगांनी आहेत. मला त्यांत फारसा रस नाही. ती माणसं तिथे राहिली कशी, जेवली काय, त्यांना हाक कशी मारली गेली आणि घरातलं भांडण दिसलं तेव्हा ती बोलली की गप्प बसली, हे मी गेली काही वर्षं त्यांच्या आठवणींत शोधतो आहे. मी स्वतः इथिओपियाला गेलेलो नाही. माझी शिदोरी पुस्तकांची, आणि आमच्या गावातल्या एका सरांची. सरांकडे नंतर वळतो.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी 1961 साली 'पीस कोअर' काढलं. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलंमुली दोन वर्षं गरीब देशांत राहतील, तिथली भाषा शिकतील, तिथल्यासारखी राहतील, अशी कल्पना. 1962च्या सप्टेंबरात अशी पावणेतीनशेच्या आसपास माणसं अदिस अबाबाला उतरली. सम्राट हैले सेलासी यांनी त्यांना राजवाड्यात बोलावून घेतलं. बहुतेकांना माध्यमिक शाळांत शिक्षक म्हणून पाठवलं होतं आणि त्या एका तुकडीमुळे देशातल्या माध्यमिक शिक्षकांची संख्या जवळपास दुप्पट झाली, असं सांगतात. यावरून शिक्षणाची काय अवस्था होती ते समजेल.

पण गरीब असला तरी हा देश कुणापुढे वाकलेला नव्हता. 1896 साली अडवाच्या लढाईत त्यांनी इटलीच्या फौजेचा धुव्वा उडवला होता. पुढे 1936 ते 1941 अशी पाच वर्षं इटलीनं कब्जा केला, तेवढाच. त्यामुळे गोऱ्या साहेबापुढे कमरेत वाकायची सवय तिथे लागलीच नाही. फेरेंज या हाकेत भीती नाही. थोडी गंमत आहे, थोडा संशय आहे. एखादा परदेशी माणूस रस्त्यानं चालला तर शेतकरी त्याला थांबवून सरळ विचारतो, कुठून आलास, कशाला आलास, कधी जाणार. आपल्या गावच्या पारावरही हेच तीन प्रश्न असतात.

या मुलांची पहिली फजिती घड्याळानं केली. तिथे दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो. म्हणजे आपले सकाळचे सात ते त्यांचा एक. विद्यार्थ्यानं सांगितलं, 'दोन वाजता येतो,' तर तो सकाळी आठला दारात हजर. बिचारा शिक्षक अजून दात घासतोय. वर्षाचे महिने तेरा. बारा तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. सनही आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. जगानं 2000 साल साजरं केलं, ते संपून गेलं, आणि इथिओपियानं आपलं 2000 साल साजरं केलं 2007च्या सप्टेंबरात. मला तर हा प्रकार फार आवडतो. कुणी घाई केली म्हणून आपण आपलं वर्ष का बदलायचं?

दुसरी फजिती 'हो' म्हणण्याची. अमहारिक बोलणारी माणसं पुष्कळदा होकार देताना श्वास पटकन आत ओढतात, 'हाऽ' असा. आपल्याकडे पाय घसरला की असा आवाज निघतो. वर्गात शिक्षक विचारतो, समजलं का? पोरं दचकल्यासारखा श्वास घेतात. शिक्षकाला वाटतं, आपल्यामागे साप निघाला की काय!

जेवण म्हणजे इंजेरा. तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून तव्यावर घातलेली, जाळीदार, आंबटसर. आपली आंबोळी डोळ्यांसमोर आणा आणि ती परातीएवढी मोठी करा. त्यावर कालवणं वाढायची आणि सगळ्यांनी एकाच परातीतून जेवायचं. 'शिरो' म्हणून एक कालवण असतं, हरभऱ्याच्या पिठाचं, तिखट मसाला घातलेलं. वर्णन वाचलं आणि मी म्हटलं, अरे हे तर पिठलं! बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय मोठ्या उपासांच्या काळात तिथले सनातनी ख्रिस्ती मांस-दूध शिवत नाहीत. असे दिवस वर्षात दोनशेच्या आसपास भरतात. त्यामुळे शाकाहारी पाहुण्याची आबाळ होत नाही.

जेवताना यजमान इंजेऱ्याचा तुकडा तोडतो, त्यात कालवण गुंडाळतो आणि हातानं पाहुण्याच्या तोंडात घालतो. याला 'गुर्शा' म्हणतात. घास भरवणं. घास जितका मोठा तितकं प्रेम जास्त. ज्या मुलांच्या घरी प्रत्येकाची ताटली वेगळी, काटा वेगळा, त्यांच्या तोंडात एका शेतकऱ्यानं आपल्या खरखरीत बोटांनी घास घालायचा, हे पहिल्या दिवशी त्यांना झेपत नाही. नकार दिला तर यजमानाचा चेहरा उतरतो. आपण द्यायला आलो आहोत, असं बजावून घेऊन आलेल्या माणसाला इथे तोंड उघडून घ्यावं लागतं. नुसतं पैसे देऊन सुटण्यापेक्षा हे कठीण असावं.

आणि कॉफी. कॉफी मूळची तिथलीच. पाहुण्यासमोर हिरवे दाणे भाजायचे, त्यांचा धूर त्याच्याकडे वळवायचा, कुटायचे, मातीच्या सुरईत उकळायचे. जमिनीवर ओलं गवत अंथरलेलं, बाजूला धूप, तोंडात टाकायला मक्याच्या लाह्या. तीन वेळा ओतायची. पहिली 'अबोल', दुसरी 'तोना', तिसरी 'बेरेका'. बेरेका म्हणजे आपली बरकत, तोच अरबी शब्द. दुसऱ्या कपानंतर उठलात तर बरकत टाकून उठलात. कामाची यादी घेऊन आलेल्या माणसाचा एक-दीड तास असा जातो. सुरुवातीला तो चुळबुळतो. सहा महिन्यांनी त्याला कळतं, की गावात जे काही ठरतं ते ऑफिसात ठरत नाही, या तिसऱ्या कपाला ठरतं.

एक शब्द मात्र तिथे राहून आलेल्या जवळपास प्रत्येकाच्या लक्षात राहतो. 'आयझोह'. बाईला 'आयझोश'. रस्त्यात ठेच लागली, तर अनोळखी माणूस पलीकडून म्हणतो, आयझोह. ताप आला, घरून पत्र आलं नाही, नोकरी गेली, आयझोह. आपल्याकडे लहान मूल पडलं की आई 'काही नाही, काही नाही' म्हणते ना, त्याच्या जवळपासचं. धीर धर, आम्ही आहोत.

आता सरांकडे येतो. हे आमच्या गावचे निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या आसपास. ते 1971 साली गणित शिकवायला इथिओपियाला गेले. तिथल्या शाळांत त्या काळी भारतीय शिक्षक शेकड्यांनी होते. केरळचे सर्वांत जास्त, पण आपल्याकडचेही काही. 'स्वयंसेवक' हा शब्द काढला की सर हात झटकतात. 'अरे कवी, आम्ही पगारासाठी गेलो. बहिणींची लग्नं व्हायची होती. सेवा वगैरे तो शेजारचा अमेरिकन करायचा. त्याला भत्ता माझ्या निम्म्यानं.' देस्से नावाच्या गावात दोघं भिंतीला भिंत लावून राहायचे. अमेरिकनाला कायम एक खंत. आपण तिथल्यासारखं राहायला आलो आणि घरात स्वयंपाकाला बाई, दारावर पहारेकरी! पण पहारेकरी ठेवला नाही तर गाव म्हणणार, एवढा पगार घेतो आणि एका माणसाला पोटाला लावत नाही. शेवटी त्यानं पहारेकऱ्याचा पोरगा शाळेत घातला, त्याच्या आणखी दोन भावांना अंगणातल्या खोलीत ठेवून घेतलं. असं करणारे स्वयंसेवक पुष्कळ होते. सरकारी कामगिरीपेक्षा ही अंगणातली शाळा जास्त टिकली, असं सर म्हणतात आणि मला ते पटतं.

सरांची आवडती गोष्ट बसची. तिथल्या बसमध्ये खिडकी उघडायची नाही. वारं लागून माणूस आजारी पडतो, अशी समजूत. पन्नास माणसं, कोंबड्या, बोचकी, घाटातली वळणं आणि सगळ्या काचा बंद! सरांचा जीव गुदमरायचा. ते खिडकी उघडायचे, मागची म्हातारी ती बंद करायची. पुन्हा उघडायची, पुन्हा बंद. देस्से ते अदिस चारशे किलोमीटर हा खेळ. मधे म्हातारी आपल्या फडक्यातली भाकरी तोडून सरांच्या हातावर ठेवायची आणि दुसऱ्या हातानं खिडकी ओढायची.

पण देस्से हे वोल्लो प्रांताचं गाव, आणि 1973 साली वोल्लोत दुष्काळ पडला. उत्तर-दक्षिण जाणारा मोठा रस्ता देस्सेवरून जातो. खेड्यांतली माणसं त्या रस्त्यावर येऊन बसायला लागली. सरकार म्हणत होतं, तसं काही विशेष नाही. सर सांगतात, शाळेत जाताना रस्त्याच्या कडेला जे झोपलेले दिसायचे ते संध्याकाळी तसेच असायचे. शाळेतली पोरं घरोघर जाऊन भाकरी गोळा करायला लागली. एक दिवस वरच्या वर्गातली चार पोरं सरांकडे आणि त्या अमेरिकनाकडे आली आणि म्हणाली, आम्ही बोललो तर मार खातो. तुम्ही बाहेरचे आहात. तुम्ही सांगा ना.

इथे खरा पेच आहे, श्रोतेहो. पीस कोअरच्या माणसानं यजमान देशाच्या राजकारणात तोंड घालायचं नाही, हा नियम. सरांचा करार सरकारशी. ज्याचं मीठ खाल्लं त्याची घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणायची का? मी सरांना विचारलं, मग काय केलं? म्हणाले, 'दोघांनी मिळून पीठ विकत घेतलं. बोललो नाही.' पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरात एका इंग्रज पत्रकारानं, जोनाथन डिंबल्बी यांनी, त्या दुष्काळाची फिल्म ब्रिटिश टीव्हीवर दाखवली आणि जगाला कळलं. पुढच्या वर्षी सम्राटाची गादी गेली.

हा पेच एकट्या सरांचा नव्हता. पीस कोअरच्या शिक्षकांनी दहा-बारा वर्षं वर्गात शिकवलं होतं, की पाठ करू नका, प्रश्न विचारा. पोरं चांगली शिकली. त्यांनी प्रश्न विचारले. 1965 सालीच अदिस अबाबात विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला होता आणि त्यांची घोषणा होती आपल्या 'कसेल त्याची जमीन'ची सख्खी बहीण. मग त्यांनी शिक्षकांनाच विचारलं, तुमचं सरकार आमच्या सम्राटाला शस्त्रं का देतं? अस्माराला तुमचा लष्करी तळ कशासाठी? तू खरंच शिकवायला आलास की हेरगिरीला? ज्या पोरांना घरी जेवायला बोलावलं त्यांनी असं विचारल्यावर कितीतरी तरुण शिक्षक रात्री झोपू शकले नाहीत. काहींनी मान्य केलं, की प्रश्न बरोबर आहे. दिलेल्या शिक्षणाचं याहून चांगलं फळ कुठलं असतं ते मला ठाऊक नाही.

क्रांती झाली 1974 साली. सत्ता 'देर्ग' नावाच्या लष्करी मंडळानं घेतली. वरच्या वर्गांतली आणि विद्यापीठातली हजारो मुलं खेड्यांत प्रचाराला आणि साक्षरतेला पाठवली गेली. सरांचे अकरावी-बारावीचे वर्ग रिकामे झाले. रिकाम्या बाकांसमोर काही दिवस हजेरीपट उघडून बसायचो, असं ते सांगतात. 1976 साली ते परतले. पुढच्या वर्षी पीस कोअरनं देश सोडला आणि 'लाल दहशत' म्हणतात ती सुरू झाली. शिकलेली, प्रश्न विचारणारी तरुण पोरं हजारोंनी मारली गेली. परदेशी शिक्षकांच्या टेबलांवर पत्रं यायची थांबली. कोण मेलं, कोण पळालं, हे काहींना वीस वर्षांनी कळलं आणि काहींना कधीच नाही.

मग 1984. पाऊस नाही हे खरं, पण उत्तरेत यादवी युद्ध चालू होतं आणि बंडखोरांच्या मुलखाची कोंडी करण्यात सरकारला रस होता, हेही तितकंच खरं. सप्टेंबरात अदिस अबाबात क्रांतीचा दहावा वाढदिवस थाटात झाला. ऑक्टोबरच्या 23 तारखेला बीबीसीवर मायकेल बर्क यांचं वृत्त लागलं. कॅमेरा मोहम्मद अमीन यांचा, नैरोबीत जन्मलेल्या पंजाबी वंशाच्या माणसाचा. ते चित्र जगभर गेलं. त्या दुष्काळात किती माणसं मेली याचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातात.

त्या वृत्तात एक तरुण इंग्रज नर्स दिसते. क्लेअर बर्टशिंगर. रेडक्रॉसतर्फे ती टिग्राय प्रांतात मेकेलेच्या अन्नकेंद्रावर होती. सकाळी दार उघडलं की बाहेर हजाराच्या वर मुलं रांगेत, आणि आत जागा साठ-सत्तरांना. निवड तिनं करायची. जे अगदी शेवटाला आलेलं आहे त्याला घेऊन उपयोग नाही, ते मरणारच. ज्याच्यात अजून धुगधुगी आहे त्याला घ्यायचं आणि पेनानं खूण करायची. ज्याच्यावर खूण नाही त्याचं काय होणार, हे तिला माहीत आणि रांगेतल्या आईलाही माहीत. पुढे कितीतरी वर्षं ती याबद्दल कुणाशी बोलली नाही. आपण छळछावणीतल्या अधिकाऱ्यासारखं काम केलं, असं तिला वाटत राहिलं. जवळपास वीस वर्षांनी, 2003 साली, ती बर्क यांच्याबरोबर परत गेली. तिथे वाचलेली माणसं तिला भेटली आणि त्यांनी तिला मिठीत घेतलं. दोष कुणी दिला नाही. आफ्रिकेतल्या मदतीबद्दल भाषणं करणाऱ्यांनी आधी त्या रांगेपुढे मनानं उभं राहून पाहावं, असं मला वाटतं.

त्याच वर्षी डिसेंबरात इंग्लंडच्या गायकांनी दुष्काळग्रस्तांसाठी 'डू दे नो इट्स ख्रिसमस?' हे गाणं काढलं. पैसा भरपूर जमला, त्यानं जीव वाचले, याबद्दल आदरच आहे. पण नाताळ आहे हे त्यांना माहीत आहे का? अहो, अक्सुमच्या एझाना राजानं ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकात घेतला! त्यांचा नाताळ सात जानेवारीला असतो, इतकंच. ज्याला मदत करायची त्याला आधी अडाणी ठरवायचं, ही खोड जगात सगळीकडे आहे. आपल्याकडच्या वाड्या-पाड्यांवर शिबिरं घेणाऱ्यांतही ती कधीमधी दिसते.

बोलावं की गप्प बसावं हा पेच तेव्हा पुन्हा उभा राहिला. सरकार उत्तरेतल्या लोकांना उचलून दक्षिणेत वसवत होतं, पुष्कळदा बळजबरीनं, आणि मदतीच्या ट्रकांचाही त्यासाठी उपयोग करत होतं. फ्रान्सच्या 'मेदसां सां फ्राँतिए'च्या डॉक्टरांनी हे उघडपणे सांगितलं आणि 1985च्या डिसेंबरात सरकारनं त्यांना देशाबाहेर काढलं. इतर बऱ्याच संस्था गप्प राहिल्या आणि म्हणून त्यांना खिचडी वाढता आली. कोण बरोबर? मी या प्रश्नावर बराच काळ घालवला आहे. सरांना विचारलं तर ते विषय बदलतात. माझं मत फ्रेंच डॉक्टरांच्या बाजूनं झुकतं, पण माझ्या केंद्रासमोर हजार मुलं उभी नाहीत, त्यामुळे ते मत स्वस्त आहे.

सगळ्यांच्या गोष्टी इतक्या जड नाहीत. ऑस्ट्रियाचा कार्लहाइन्झ बोम हा सिनेनट. 'सिसी' चित्रपटांत सम्राट फ्रान्झ योसेफ झालेला देखणा नायक. 1981 साली जर्मन टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात त्यानं पैज लावली, की प्रेक्षकांपैकी एक तृतीयांश लोकसुद्धा आफ्रिकेतल्या भुकेल्यांसाठी एक-एक मार्क देणार नाहीत. पैज तो जिंकला, म्हणजे तेवढ्यांनी दिले नाहीत. पण जे जमलं ते घेऊन गडी खरंच इथिओपियाला गेला, हरारजवळच्या एरेर खोऱ्यात काम उभं केलं आणि पुढे अल्माझ नावाच्या इथिओपियन स्त्रीशी लग्न केलं. 2014 साली वारला. तिथे त्याला 'अबो कार्ल' म्हणायचे, कार्लबाबा. फेरेंज म्हणून गेलेल्याला त्यांनी घरातलं नाव दिलं.

याहून मला जवळची वाटते ती मामितू गाशे. रेजिनाल्ड आणि कॅथरीन हॅम्लिन हे डॉक्टर जोडपं ऑस्ट्रेलियाहून 1959 साली तीन वर्षांच्या करारावर आलं आणि राहूनच गेलं. बाळंतपण अडलं, दवाखाना दोन-चार दिवसांच्या वाटेवर, मूल दगावतं, आईच्या मूत्राशयाला भोक पडतं आणि कायम लघवी झिरपत राहते. नवरा टाकतो, गाव दूर करतं. अशा बायांवर या दोघांनी शस्त्रक्रिया केल्या. 1974 साली त्यांच्यासाठी वेगळं हॉस्पिटल काढलं. मामितू अशीच सोळा वर्षांची, डोंगराकडच्या खेड्यातून आलेली रुग्ण. लिहिता-वाचता येत नव्हतं. बरी झाल्यावर घरी न जाता ती वॉर्डात खाटा लावू लागली, मग ऑपरेशनला मदत करू लागली, आणि डॉक्टरांनी तिला टाके घालायला, मग पूर्ण शस्त्रक्रिया करायला शिकवलं. पुढे बाहेरून आलेल्या पदवीधर सर्जनना ती हे काम शिकवू लागली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनं 1989 साली हॅम्लिनबरोबर तिचाही सुवर्णपदकानं गौरव केला. कॅथरीन हॅम्लिन 2020च्या मार्चमध्ये अदिस अबाबातच वारल्या, वय 96. मदत करणारा कोण आणि घेणारा कोण, हे मामितूच्या बाबतीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

पीस कोअर 1995 साली परतलं, एरिट्रियाशी युद्ध पेटलं तसं 1999ला पुन्हा गेलं, 2007ला पुन्हा आलं. 2020च्या मार्चमध्ये कोरोनामुळे जगभरच्या स्वयंसेवकांना माघारी बोलावलं गेलं. या शेवटच्या खेपेच्या मुलांच्या आठवणींत एक नवी हाक आहे. चिनी कंपन्यांनी देशभर रस्ते बांधल्यापासून खेड्यातली पोरं कुठल्याही परक्या माणसाला बघून 'चायना! चायना!' ओरडायला लागली. सहा फूट उंच, सोनेरी केसांची अमेरिकन मुलगी, आणि मागे पोरं, चायना!

त्याच वर्षी, 2020च्या नोव्हेंबरात, टिग्रायमध्ये युद्ध सुरू झालं. ते दोन वर्षं चाललं. जिथे नजाशीच्या पाहुण्यांची स्मृती जपली जाते त्या नेगाशच्या मशिदीची पडझड झाली. 2021च्या जूनमध्ये मेदसां सां फ्राँतिएच्या तीन माणसांना रस्त्यात गाडीजवळ ठार मारलं गेलं. एक स्पॅनिश तरुणी आणि तिचे दोन इथिओपियन सहकारी. बातमीत तिघांची नावं एकाखाली एक होती. ऑक्टोबरअखेरीस युद्ध देस्सेपर्यंत आलं. त्या दिवसांत सर रोज टीव्हीसमोर बसायचे. आपल्या वाहिन्यांवर देस्सेचं नाव काही आलं नाही.

गेल्या वर्षी सरांना एक फोन आला, अमेरिकेतून. वॉशिंग्टनच्या आसपास इथिओपियन लोकांची मोठी वस्ती आहे, त्यांतला एक. भाकरी गोळा करणाऱ्या त्या चार पोरांपैकी हा एक, आता सत्तरीकडे झुकलेला. बाकी तिघांचं त्यानं सांगितलं. दोघे 1978 सालीच गेले. तिसऱ्याचा पत्ता नाही. सर म्हणाले, बराच वेळ दोघंही काही बोललो नाही, नुसता एकमेकांचा श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, 'आयझोह, गाशे.' गाशे म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषाला मारायची हाक, आपल्या 'काका'सारखी. आणि मग हसून विचारलं, अजून बसची खिडकी उघडता का?

सर म्हणाले, 'नाही रे. आता मलाही वारं लागतं.'